शेतकऱ्याच्या गळ्यात दुर्बीण : पाखरांपासून पुरापर्यंत उपयोग



शेतीची अवजारे म्हटली की वखर, तिफण, कोळपे, फवारणी पंप ही नावे आपोआप तोंडी येतात. दुर्बिणीचे नाव त्या यादीत कोणी घेत नाही. दुर्बीण म्हणजे सैनिकाची, वनरक्षकाची किंवा हौशी माणसाची वस्तू, असा आपला समज आहे. प्रत्यक्षात खिशात मावणारी, दोन्ही डोळ्यांनी पाहता येणारी छोटी दुर्बीण शेतकऱ्याला वर्षभर उपयोगी पडते. एकदा घेतली आणि नीट सांभाळली तर ती पुष्कळ वर्षे टिकते. तिला डिझेल लागत नाही आणि वीजही लागत नाही.

शेतात अशा तीन जागा असतात की ज्या जवळून पाहता येत नाहीत. पहिली, जेथे आपण गेलो की पाहायची वस्तूच उडून किंवा पळून जाते. दुसरी, जेथे पाय टाकता येत नाही. तिसरी, जेथे जाणे जिवावर बेतते. परभणी जिल्ह्यात या तिन्ही जागा भरपूर आहेत. रब्बी ज्वारीवर पाखरांचे थवे उतरतात. भारी काळ्या जमिनीत पाऊस उघडल्यावरही कित्येक दिवस वापसा येत नाही. गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या काठची शेते पावसाळ्यात पाण्याच्या भीतीखाली असतात. अशा ठिकाणी आपण बहुधा अंदाजाने निर्णय घेतो. अंदाज चुकला की फवारणीचा खर्च वाया जातो, राखणीची मजुरी वाया जाते, तर कधी माणूस गमवावा लागतो. आधी नीट पाहावे, मग हात उचलावा, हे साधण्यासाठी दुर्बिणीची मदत होते.

दुर्बीण कशी निवडावी?

दुर्बिणीवर ८ × २१, ८ × २५, १० × २५ असे आकडे छापलेले असतात. पहिला आकडा वस्तू किती पट जवळ दिसते ते सांगतो. ८ पटीच्या दुर्बिणीतून ८० मीटरवरील पाखरू १० मीटरवर बसल्यासारखे दिसते. दुसरा आकडा म्हणजे समोरच्या मोठ्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. भिंग जितके मोठे तितका उजेड जास्त आत येतो, पण दुर्बिणीचे वजनही वाढते.

दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागावे. ८ × २५ दुर्बिणीत उत्तर साधारण ३ येते. म्हणजे डोळ्याकडे येणारा उजेडाचा झोत ३ मिलिमीटर रुंद असतो. दिवसा आपली बाहुली २ ते ३ मिलिमीटरच उघडी असते, म्हणून ही छोटी दुर्बीण दिवसा पुरेपूर काम देते. अंधार पडू लागला की बाहुली मोठी होते आणि एवढा झोत अपुरा पडतो. ज्यांना मुख्यतः तिन्हीसांजेला जनावरांवर नजर ठेवायची आहे त्यांनी ८ × ४२ सारखी मोठी दुर्बीण घ्यावी. बाकी कामांसाठी ८ पटीची छोटी दुर्बीण पुरेशी आहे. १० पटीच्या पुढे हाताचा कंपही तितक्याच पटीने वाढतो आणि चित्र स्थिर राहत नाही.

खरेदी करताना पुढील गोष्टी तपासाव्यात.

१) जत्रेत किंवा रस्त्यावर मिळणाऱ्या स्वस्त दुर्बिणीवर ३० × ६० असे फुगवलेले आकडे असतात. समोरच्या भिंगाची रुंदी पट्टीने मोजली की खरे-खोटे लगेच कळते. लालभडक चकाकणारी भिंगे टाळावीत, कारण ती उजेड परत फेकतात.

२) दुर्बीण हातभर लांब धरून आकाशाकडे करावी. डोळ्याकडील भिंगात उजेडाचा ठिपका दिसतो. तो गोल व स्वच्छ असावा. कडा करड्या किंवा चौकोनी दिसल्यास आतले लोलक हलक्या प्रतीचे समजावेत.

३) दुकानाबाहेर येऊन दूरची पाटी वाचून पाहावी. दोन चित्रे दिसत असतील किंवा डोके जड होत असेल तर ती दुर्बीण घेऊ नये.

४) चष्मा वापरणाऱ्यांनी डोळ्याकडील रबरी कडा दुमडता किंवा आत फिरवता येतात का ते पाहावे. चष्म्यासह पाहायचे असल्यास कडा आत ठेवाव्यात.

५) नातेवाइकाचा किंवा गटातील दुसऱ्याचा अनुभव असलेली दुर्बीण घेणे केव्हाही चांगले. शेतकरी गटाने मिळून एक घेतली तरी चालते.

जुळवणी व धरण्याची पद्धत

दुर्बीण हाती आल्यावर तिची जुळवणी आपल्या डोळ्यांप्रमाणे करावी. पुष्कळांना काही दिसत नाही, ते या पायऱ्या न केल्यामुळे.

१) दोन्ही नळ्या जवळ-लांब करून एकच गोल दिसेल अशा ठेवाव्यात.

२) उजवी नळी तळहाताने झाकून डाव्या डोळ्याने दूरचे झाड पाहावे आणि मधले चाक फिरवून चित्र स्पष्ट करावे.

३) आता डावी नळी झाकून त्याच झाडाकडे उजव्या डोळ्याने पाहावे. मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याकडील कडे फिरवून चित्र स्पष्ट करावे. हे कडे कोठे आले त्याची खूण लक्षात ठेवावी.

४) यापुढे जवळ-दूर पाहताना फक्त मधले चाक फिरवावे.

वस्तू सापडत नाही, ही नवशिक्यांची नेहमीची तक्रार असते. आधी उघड्या डोळ्यांनी वस्तूवर नजर ठेवावी आणि नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपुढे आणावी. कोपरे छातीला टेकवावीत. माळ्याची बल्ली, बांधावरचे झाड, बैलगाडीची साटी यांचा आधार घेतल्यास चित्र डळमळत नाही. बसून पाहताना कोपरे गुडघ्यांवर ठेवावीत.

दुर्बिणीवर किंवा तिच्या डबीवर "१००० मीटरवर ११० मीटर" असा एक आकडा असतो. याचा अर्थ १००० मीटर अंतरावर गोलात ११० मीटर रुंदी मावते. म्हणजे २०० मीटरवर २२ मीटर रुंदी मावेल. पिवळा पडलेला पट्टा २०० मीटरवर असून निम्मा गोल व्यापत असेल तर तो साधारण ११ मीटर रुंद आहे. थव्यातील पाखरे, कळपातील जनावरे किंवा बाधित क्षेत्र यांचा अंदाज घेण्यास ही रीत सोपी आहे.

पहिली जागा : गेलो की उडून जाते

रब्बी ज्वारीत दाणा दुधात आला की पाखरांची धाड सुरू होते. माळा बांधायचा, गोफण फिरवायची, डबे वाजवायचे, ही राखण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आता राखणीला माणूस मिळत नाही. ज्वारीचे क्षेत्र आटल्यामुळे उरलेल्या एकट्या-दुकट्या शेतात सगळ्या शिवाराची पाखरे एकवटतात. "पाखरांमुळे ज्वारी सोडली" असे सांगणारे शेतकरी गावोगाव भेटतात. त्यामुळे राखणीचे थोडे मनुष्यबळ नेमक्या वेळी व नेमक्या ठिकाणी लावणे हाच उपाय राहतो.

त्यासाठी आधी पाखरू ओळखले पाहिजे. शेतात उतरणारे प्रत्येक पाखरू कणसावरच येते असे नाही. पुष्कळ पाखरे अळ्या, नाकतोडे व उंदीर खातात. दुर्बिणीतून पाहिल्यास पुढील खुणा स्पष्ट दिसतात.

मित्र पक्षी

कोतवाल : काळाभोर रंग, शेपटी टोकाशी दुभंगलेली. तारेवर किंवा खुंटावर बसून उडते किडे झेपावून पकडतो.

साळुंकी : तपकिरी अंग, पिवळी चोच, डोळ्यामागे पिवळा डाग. उडताना पंखांवर पांढरा पट्टा दिसतो. जमिनीवर चालत अळ्या व नाकतोडे टिपते. पिकलेली फळेही खाते.

गायबगळा : पांढराशुभ्र, चोच पिवळी. नांगरामागे व जनावरांमागे फिरून किडे खातो.

नीलपंख (चास किंवा तास) : बसलेला असताना फिका दिसतो, उडताना पंखांची निळाई झळकते. नाकतोडे व मोठे किडे खातो.

वेडा राघू : हिरवा रंग, शेपटीतून बाहेर आलेली दोन बारीक पिसे. हवेतील किडे पकडतो. मधमाश्याही खातो, म्हणून मधपेट्या ठेवणाऱ्यांनी त्याच्यावर लक्ष ठेवावे.

कापशी घार : करडी-पांढरी, खांद्यावर काळा डाग, डोळे लाल. हवेत एकाच जागी पंख हलवत थांबते आणि उंदरावर पडते. ती पुन्हा पुन्हा एकाच पट्ट्यावर थांबत असेल तर तेथे उंदरांची बिळे आहेत असे समजून तपासणी करावी.

पिंगळा व गव्हाणी घुबड : दिवसा झाडाच्या ढोलीत किंवा जुन्या वाड्यात बसलेले दुर्बिणीने दिसते. गव्हाणी घुबड रात्री मुख्यतः उंदीर मारते. त्याला अशुभ समजून हुसकावू नये.

दाणे खाणारे पक्षी

पोपट : सकाळ-संध्याकाळ थव्याने येतो. खातो त्यापेक्षा जास्त तोडून टाकतो. ज्वारी, मका, सूर्यफूल यांवर विशेष नजर.

चिमणी, सुगरण, मुनिया : आकाराने लहान, कणसाला लटकून दाणे टिपतात.

भोरडी : हिला पळसमैना असेही म्हणतात. डोके, पंख व शेपटी काळी, पाठ व पोट गुलाबी. मध्य आशियात वीण करून हिवाळ्यासाठी आपल्याकडे येते आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला परत जाते. मोठमोठे थवे ढगासारखे वळसे घेत उतरतात.

भोरडीची पिल्ले फिक्या मातकट रंगाची असल्यामुळे दुरून साळुंकीसारखी दिसतात. साळुंकीच्या पंखावर पांढरा पट्टा असतो, भोरडीच्या नसतो. शिवाय भोरडीही नाकतोडे व अळ्या भरपूर खाते. तिच्या वीणक्षेत्रात टोळ हे तिचे आवडते खाद्य आहे. कणसात दाणा नसताना तिचा थवा पिकात उतरला तर तो किडीसाठी उतरलेला असतो. म्हणून हाकलण्याआधी १० मिनिटे पाहावे. चोच कणसात जाते की पानावर, की जमिनीवर? चोचीत दाणा आहे की अळी? त्यावरून राखण आजच लावायची की आठवड्याने, हे ठरते.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे थव्याची वाट. थवा सरळ पिकात क्वचितच उतरतो. आधी एखाद्या बाभळीवर, लिंबावर किंवा विजेच्या तारेवर टेकतो, अंदाज घेतो आणि मग उतरतो. सूर्योदयानंतरचे दोन-तीन तास व मावळतीपूर्वीचा वेळ याच कामाचा. तीन-चार दिवस माळ्यावरून पाहून थवा कोणत्या बाजूने येतो ते टिपून ठेवावे. माणूस, चकाकणारी फीत किंवा आवाज त्याच बाजूला लावावा. एकच उपाय रोज केला की पाखरे त्याला सरावतात. म्हणून जागा व प्रकार बदलत राहावा. पाखरांना विषारी दाणे घालणे किंवा मारणे हा गुन्हा आहे. शिवाय अशा विषाने मित्र पक्षीही मरतात.

हरभऱ्यात हीच दुर्बीण उलट कामी येते. घाटे अळीसाठी इंग्रजी टी आकाराचे पक्षीथांबे हेक्टरी किमान २० लावावेत. लावून मोकळे न होता त्यांवर कोण बसते ते बांधावरून पाहावे. कोतवाल, साळुंक्या थांब्यावरून उतरून पुन्हा पुन्हा एकाच जागी जात असतील तर तेथे अळी आहे. त्या ठिकाणी जाऊन मीटरभर ओळीतील अळ्या मोजाव्यात. मीटरला १ ते २ अळ्या ही नुकसानीची पातळी समजून पुढील उपाय करावा. ज्वारीत मात्र दाणा भरू लागताच पक्षीथांबे काढून घ्यावेत, नाहीतर दाणे खाणाऱ्या पाखरांची सोय होते.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस. त्या वेळी ज्वारी वाढीला लागलेली असते व हरभरा नुकताच पेरलेला असतो. पाखरांची वही सुरू करण्यास हा आठवडा चांगला आहे. तारीख, वेळ, पाखरू, पिकाची अवस्था एवढे चार रकाने पुरेत. मुलांना हे काम आवडते. दोन हंगामांची वही असली की आपल्या शिवारात थवा केव्हा येतो ते घरीच सांगता येते.

भोरडीचा थवा व टोळधाड दुरून सारखीच ढगासारखी दिसते. मे २०२० मध्ये विदर्भात अमरावती, वर्धा, नागपूर या भागांत टोळधाड आली होती. टोळ दिवसा उडतात आणि संध्याकाळी झाडांवर उतरतात. दुर्बिणीने ढग पाखरांचा की टोळांचा हे वेळीच कळले तर कृषी विभागास त्याच संध्याकाळी कळवता येते.

रोही व हरणांचे कळपही दुर्बिणीने दिवसा दुरून मोजता येतात. ते कोणत्या ओढ्यातून चढतात, कुंपण कोठे ओलांडतात हे पाहिले की कुंपणाची दुरुस्ती नेमकी त्या जागी करता येते. नुकसान झाल्यास विलंब न करता वन विभागाकडे लेखी अर्ज करावा. मोबाईलचे भिंग दुर्बिणीच्या डोळ्याकडील भिंगाला अलगद टेकवले तर दूरच्या कळपाचा फोटोही घेता येतो. मोबाईलमध्ये नुसते चित्र ताणून मोठे केल्यास ते फुटते आणि उन्हात पडदाही दिसत नाही.

दुसरी जागा : पाय टाकता येत नाही

सततच्या पावसात भारी जमिनीतील सोयाबीन, कपाशी व तुरीत शिरणे म्हणजे चिखल तुडवून मुळांभोवतीची माती दाबणे. पण आठवडाभर न पाहणेही परवडत नाही. अशा वेळी बांध, माळा किंवा ट्रॉलीवर उभे राहून पीक पट्ट्या-पट्ट्याने पाहावे. डावीकडून उजवीकडे नजर फिरवावी, एकही ओळ सोडू नये. पुढील खुणा शोधाव्यात.

१) पाणी साचून चमकणारे खोलगट भाग. तेथून चर कोणत्या बाजूने काढता येईल ते पाहून ठेवावे.

२) मधोमध पिवळा किंवा मलूल पडलेला पट्टा. तुरीत व हरभऱ्यात मर रोगाची झाडे अशीच हिरव्या पिकात सुकलेली दिसतात.

३) लोळलेले पीक, उंदरांनी तोडलेली झाडे, जनावर शिरल्याची वाट.

पट्टा दिसला की बांधावरच्या एखाद्या झाडाच्या रेषेत त्याची खूण धरावी व बांधापासून किती ओळी आत आहे ते मोजून ठेवावे. वापसा येताच सरळ तेथेच जावे. सगळे शेत तुडवावे लागत नाही.

तुषार संच चालू असताना तोट्या फिरतात की अडकल्या आहेत, हे ओल्या शेतात न शिरता बांधावरून दिसते. एखादी तोटी फिरत नसेल तर एका जागी पाणी साचते व बाकी जागा कोरडी राहते. लांबच्या विहिरीवरील पाइपातून पाणी पडते आहे का, चारीला भगदाड पडले आहे का, हेही घरून किंवा आखाड्यावरून पाहता येते.

उंच झाडांचे शेंडे ही अशीच दुसरी जागा. आंब्यावरील बांडगूळ उघड्या डोळ्यांना आंब्याच्या पानांत मिसळून जाते. दुर्बिणीतून त्याच्या पानांची वेगळी झाक, नळीसारखी फुले व फांदीवरची गाठ लगेच ओळखू येते. त्याची फळे खाणारे फुलटोच्यासारखे छोटे पक्षी बी दुसऱ्या फांदीवर पसरवतात. म्हणून फळे पिकण्यापूर्वीच, गाठीच्या खालून फांदीसह ते कापून काढावे. कोणत्या फांद्यांवर चढायचे ते आधी खालून ठरवावे.

माळरानावर चरणाऱ्या गुरांवर, शेळ्या-मेंढ्यांवर नजर ठेवण्यासही दुर्बीण सोयीची आहे. कोणते जनावर लंगडते, कोणते कळपातून मागे पडले, कोणती गाय दुसऱ्यांवर उड्या मारते आहे किंवा माज दाखवते आहे, हे बसल्या जागेवरून दिसते. माजाची वेळ हुकली नाही तर रेतन वेळेवर होते.

तिसरी जागा : जाणे जिवावर बेतते

आग्या मोहोळ : उंच वड, पिंपळ, पाण्याची टाकी किंवा पुलाखाली आग्या मधमाश्या मोठे उघडे पोळे लावतात. झाडाची फांदी तोडण्यापूर्वी, झाडाखाली धूर किंवा आग करण्यापूर्वी सगळा शेंडा दुर्बिणीने न्याहाळावा. पोळे असल्यास काम पुढे ढकलावे व जनावरे त्या झाडाला बांधू नयेत.

विजेच्या तारा : वारा-वादळानंतर खांबावरील चिनी मातीच्या चिमण्या फुटल्या आहेत का, तार सैल होऊन उसाला टेकते का, रोहित्रावरील फ्यूज गळून पडला आहे का, हे सुरक्षित अंतरावरून दुर्बिणीने पाहावे. जे दिसले ते खांब क्रमांकासह महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर किंवा गावच्या लाईनमनला सांगावे. खांबावर स्वतः चढू नये व काठीने तार हलवू नये. तुटून पडलेल्या तारेजवळ दुसऱ्यालाही जाऊ देऊ नये. उन्हाळ्यात उसाचे फड ठिणगीने पेटतात. तोडणीपूर्वी फडावरील तारा एकदा तरी पाहून घ्याव्यात.

पूर : जायकवाडीतून पाणी सुटले, ढालेगाव, मुद्गल, दिग्रस या बंधाऱ्यांचे दरवाजे उघडले की गोदाकाठच्या शिवारात पाणी चढते. येलदरीचे पाणी पूर्णेला येते. सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टी व पूर मराठवाड्याने पाहिला आहे. अशा वेळी पाणी किती चढले ते पाहण्यासाठी लोक काठाशी जातात आणि तेथेच घात होतो. पुलाच्या खांबावरील पातळीची खूण, काठचे एखादे झाड किंवा मंदिराची पायरी आधीच ठरवून ठेवावी. उंच जागेवरून दर अर्ध्या तासाने ती दुर्बिणीने पाहून वहीत लिहावी. पाणी चढते की उतरते हे आकड्यावरून कळते. मोटार काढण्यासाठी नदीत उतरायचे की नाही, हा प्रश्न पाणी चढते असेल तर उरतच नाही. पलीकडे अडकलेली माणसे किती, कोठे, हे नेमके पाहून तहसील कार्यालयास कळवल्यास बचाव पथकाचा वेळ वाचतो.

रानडुक्कर व बिबट्या : उसात जनावर शिरल्याचे कळताच गर्दी करू नये. दुरून पाहून ते कुत्रे, कोल्हा, तरस की बिबट्या हे ओळखावे व वन विभागास कळवावे. दुर्बीण आहे म्हणून जवळ जाण्याचे धाडस करू नये.

वीज : ढग पाहण्यासाठी माळ्यावर किंवा टेकाडावर उभे राहू नये. लखलखाट व गडगडाट यांमध्ये ३ सेकंद गेले तर वीज साधारण १ किलोमीटरवर पडली असे समजावे. हे अंतर ३० सेकंदांपेक्षा कमी असल्यास दुर्बीण खिशात ठेवून पक्क्या घराचा आसरा घ्यावा.

उलटी दुर्बीण : बारीक किडीसाठी भिंग

दुर्बीण उलटी धरली तर ती हातभिंगाचे काम करते. मोठ्या भिंगाला डोळा लावावा आणि डोळ्याकडील छोटे भिंग पानापासून साधारण १ ते २ सेंटिमीटरवर आणावे. एकाच नळीतून पाहावे. पान किंचित पुढे-मागे केले की चित्र स्पष्ट होते. कपाशीच्या पानाच्या खालच्या बाजूचे फुलकिडे, तिरके चालणारे तुडतुड्यांचे पिल्लू, मावा व कोळी यांतला फरक अशा रीतीने कळतो. फुलकिड्याचे औषध कोळ्याला लागू पडेलच असे नाही. म्हणून फवारणीपूर्वी पाच मिनिटे या तपासणीला द्यावीत. भिंगाला पानाचा चीक किंवा औषध लागू देऊ नये.

दुर्बिणीच्या मर्यादा

दुर्बीण निरीक्षणाची जागा दाखवते, मोजणी करून देत नाही. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यातील पतंग मोजावेच लागतात. सलग तीन रात्री सापळ्यामागे ८ पतंग आढळले की उपाय करावा. बोंडे फोडून पाहण्याला पर्याय नाही. दाट पिकाच्या आतले, पानाखालचे व रात्रीचे दुर्बिणीला दिसत नाही.

दोन पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नये. एका क्षणात डोळा कायमचा जाऊ शकतो. मुलांच्या हाती देताना हे आधी सांगावे. दुसरे, कोणाच्या अंगणाकडे, पाणवठ्याकडे किंवा काम करणाऱ्या बायामाणसांकडे दुर्बीण रोखू नये. गावात एकदा संशय आला की चांगल्या वस्तूचेही नाव खराब होते.

निगा

१) भिंगावरील धूळ आधी फुंकून किंवा मऊ ब्रशने काढावी. कोरड्या गमछाने किंवा धोतराच्या सोग्याने घासू नये. काळ्या मातीचे कण भिंगावर ओरखडे पाडतात.

२) बोटांचे डाग मऊ सुती कापडाला किंचित ओल देऊन हलक्या हाताने पुसावेत.

३) पावसाळ्यात दमट हवेने भिंगावर बुरशी धरते. वापर नसताना हवाबंद डब्यात, औषधांच्या बाटल्यांत येतात तशा ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावी. कपाटाच्या बंद कातडी पिशवीत महिनोन्‌महिने ठेवू नये.

४) पट्टा गळ्यात घालूनच वापरावी. फवारणी करताना जवळ ठेवू नये.

५) पडल्यावर दोन चित्रे दिसू लागल्यास घरी उघडू नये, जाणकाराकडूनच दुरुस्त करून घ्यावी.

थोडक्यात

दिवसाच्या शेतीकामासाठी ८ × २५ ची दुर्बीण पुरेशी आहे. हाकलण्याआधी पाखराची चोच पाहावी. चिखलात शिरण्याआधी बांधावरून पट्टा शोधावा. झाड, तार व नदी यांच्याजवळ जाण्याआधी दुरून खात्री करावी. फवारणीआधी दुर्बीण उलटी धरून कीड ओळखावी. येत्या रब्बीत ज्वारी किंवा हरभरा असलेल्या प्रत्येकाने रोज सकाळी १५ मिनिटे बांधावर बसून पाहण्याची सवय लावावी आणि पाहिलेले त्याच दिवशी वहीत उतरवावे.